लाळेऱ्याला तीन तारे, फवाऱ्याला अडीच

आमच्या घरात सध्या लाळेच्या दोन वस्तू रोज वापरात आहेत. धाकट्या नातीच्या गळ्यात तिकोनी लाळेरं असतं आणि माझ्या उशाशी कोरड्या तोंडावरचा फवारा. तिची लाळ थांबत नाही, माझी येत नाही, म्हणून दोन्हींचं परीक्षण एकत्रच उरकते. कंपन्यांची नावं घालत नाही, कारण याच बनावटीची लाळेरी आणि हेच घटक असलेले फवारे वेगवेगळ्या नावांनी विकले जातात. मी लिहितेय ते बनावटीबद्दल. निवृत्त होईपर्यंत पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम केलं, त्यामुळे मोजूनमापून बघायची खोड आहे, ती वाचताना सांभाळून घ्या.

आधी लाळेरं. सूनबाईने पूर्ण संच मागवला. पुढच्या बाजूला सुती कापड, मागे पॉलिस्टरचा लुसलुशीत फ्लीस आणि मधे पाणी न झिरपणारा पातळ पापुद्रा. मानेमागे दोन मापांची टिचबटणं. रंग छान, शिलाई सरळ, धाग्यांची टोकं कुठे लोंबत नाहीत. बाळाच्या गळ्यात रुमाल बांधल्यासारखं दिसतं, फोटोत गोड येतं. इथवर सगळं ठीक.

पाकिटाच्या मागे मात्र ठळक अक्षरात छापलंय की बाळांना मोठ्या माणसांपेक्षा कितीतरी जास्त लाळ सुटते, म्हणून हे लाळेरं जाड आणि ‘अतिशोषक’ बनवलंय. माझं आणि कंपनीचं बिनसलं ते या ओळीवरून. सूनबाई म्हणाली, “आई, पाकिटावर काहीतरी लिहितातच हो, सोडून द्या.” सोडून दिलं असतं, पण या लाळेऱ्यातला मुख्य दोष त्या ओळीतूनच आलाय.

मोठ्या माणसाला दिवसाकाठी किती लाळ सुटते? पाठ्यपुस्तकांत अर्धा ते दीड लिटर असा आकडा सापडतो, आणि प्रत्यक्ष मोजलं की तो बहुतेकदा खालच्या टोकाकडे जातो. पाच वर्षांच्या मुलांची लाळ जपानमधल्या संशोधकांनी मोजली होती, तो अभ्यास १९९५ मध्ये छापून आला. त्यांचा अंदाज निघाला दिवसाला सुमारे ५०० मिलीलिटर. काही न खाता नुसतं बसलेलं मूल मिनिटाला पाव मिलीच्या आसपास लाळ बनवतं, जेवताना साडेतीन मिलीच्या वर. मोठ्यांचा स्वस्थ बसलेला प्रवाह मिनिटाला ०.३ ते ०.४ मिली धरतात. म्हणजे पाच वर्षांचं पोर मोठ्यांच्या जवळपास पोचतं, पुढे जात नाही. त्याहून लहान बाळाच्या ग्रंथी आणखी लहान, आणि मुलांमध्ये लाळेचा प्रवाह वयाबरोबर वाढत जातो. मग सात महिन्यांच्या पोरीला आजीपेक्षा ‘कितीतरी जास्त’ लाळ कुठून सुटणार? (या आजीपेक्षा सुटते, ते खरं. त्यावर पुढे येतेच.)

कंपनीच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. वजनाचा हिशोब लावला तर मूल खरंच पुढे आहे. १८ किलोच्या मुलाला ५०० मिली म्हणजे किलोमागे २८ मिलीच्या आसपास. ६० किलोच्या माणसाला अगदी एक लिटर धरलं तरी किलोमागे १७. पण लाळेरं काही वजनाच्या प्रमाणात भिजत नाही. त्याच्यावर जेवढी सांडेल तेवढंच ते भिजतं.

आणि सांडते का, तर गिळली जात नाही म्हणून. मोठ्या माणसाच्या तोंडात साधारण एक मिली लाळ जमली की आपण नकळत गिळतो. गिळल्यावरही पाऊण मिलीच्या आसपास तोंडात उरतेच, जिभेवर, दातांवर, गालाच्या आतून पातळ थर पसरलेला असतो. पाच वर्षांच्या मुलाच्या तोंडात गिळण्याआधी अर्ध्या मिलीहून थोडी कमीच असते. हे सगळं आपण बोलताना, वाचताना, भांडताना लक्षही न देता चालू असतं. बाळाचं तसं नसतं. ओठ मिटून ठेवायची सवय नाही, पुढे अडवायला दात नाहीत, अख्खी मूठ तोंडात, मान पुढे झुकलेली आणि लक्ष भलतीकडे. आमची नात पालथी पडून खेळण्याकडे सरकायला लागली की खालच्या ओठाच्या मधोमध एक थेंब जमतो, लांब होतो, तार धरतो आणि चटईवर टेकतो तरी तुटत नाही. ती तार तुटत नाही ती लाळेतल्या म्युसिन नावाच्या चिकट प्रथिनामुळे. स्वस्थ असताना जवळजवळ दोन तृतीयांश लाळ जबड्याखालच्या ग्रंथींतून येते, आणि तिच्यात व जिभेखालच्या ग्रंथींच्या लाळेत हा चिकटपणा असतो. कानाजवळच्या ग्रंथी पाणीदार लाळ सोडतात, त्या चावताना जोर धरतात.

दात येण्याचं कौतुक सगळ्यांनाच असतं. नातीची लाळ तिसऱ्या महिन्यापासून गळतेय, तेव्हापासून येणारा जाणारा “दात येतायत वाटतं” म्हणायचा. खालचे दोन दात आत्ता कुठे दिसायला लागलेत. तीन महिन्यांच्या सुमाराला ग्रंथी कामाला लागतात, हात तोंडात जायला लागतात आणि तोंडात काहीही गेलं की ग्रंथींना इशारा मिळतो. गिळण्याचा सराव मागून येतो. मधल्या काळात लाळेरं.

थोरला नातू पाच वर्षांचा आहे. त्याच्या अंगावर थेंब दिसत नाही म्हणून त्याला लाळ कमी सुटते असं कुणी म्हणणार नाही. हिशोबाने धाकटीपेक्षा त्याला जास्तच सुटत असणार, फक्त ती पोटात जाते. चित्र रंगवताना मात्र जीभ ओठांवर आणून तो इतका बुडालेला असतो की गिळायचं राहतं आणि सूर्याच्या पिवळ्यावर एक टिपूस पडतो. मग बाहीने पुसतो, सूर्य फरफटतो, आणि खापर बहिणीवर.

आता लाळेऱ्याची परीक्षा. औषधाची पाच मिलीची सिरिंज घेतली, स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घेतला. कोरं करकरीत लाळेरं न धुता ठेवलं आणि पाण्याचे थेंब सोडले, तर थेंब वरून घरंगळून खाली. नवीन कापडावर कारखान्यातला लेप असतो, तो चारपाचदा धुतल्याशिवाय जात नाही. ही सूचना पाकिटावर हवी होती, तिथे नाही. धुतल्यानंतर मात्र सुती बाजू पाणी छान ओढून घेते. भरपूर पाणी सोडेपर्यंत खालून टिपकत नाही आणि मागचा फ्लीस हाताला कोरडा लागतो. कापड मऊ करायचं द्रावण धुण्यात घालू नका, त्याने शोषण्याची ताकद पुन्हा उतरते. गरम पाण्यात उकळूही नका. एक लाळेरं मी जंतू मरावेत म्हणून उकळलेल्या पाण्यात ठेवलं, तर मधला पापुद्रा सुरकुतला आणि त्यानंतर ते गाळणीसारखं गळायला लागलं.

अतिशोषक हा दावा, तर, खोटा नाही. पण उपयोग काय? नातीच्या गळ्यातून काढलेलं ओलं लाळेरं काट्यावर ठेवलं की कोरड्यापेक्षा आठ-दहा ग्रॅम भरतं, त्याच्या आत ते बदललंच जातं. काही लाळ वाऱ्याने उडून जात असेल हे धरूनही लाळेऱ्याची अर्धीअधिक ताकद रिकामीच राहते. त्या न वापरलेल्या ताकदीसाठी बाळाच्या गळ्यात जाडजूड कापड, आत घाम, आणि वरच्या काठाला दुमडून शिवलेली गोल गोट. सगळा घोटाळा त्या गोटेत आहे. गोट कृत्रिम धाग्याची आहे, पाणी ओढत नाही, आणि जाड असल्यामुळे नेमकी मानेच्या वळीत बसते. लाळ हनुवटीवरून उतरते, सुती भागापर्यंत पोचण्याआधी गोटेवर अडते आणि वळीत साठते.

सात महिन्यांच्या गुटगुटीत पोरीची मान दिसतच नाही. हनुवटी बोटाने उचलून वळी उघडली तर आत लाल रेघ, तिच्यात दुधाचा आंबूस वास आणि लाळेऱ्याचे दोन निळे तंतू चिकटलेले. त्वचा सतत ओली राहिली आणि वर घासली गेली की एवढं पुरतं. बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं ते साधं होतं: मऊ कापडाने टिपायचं, घासायचं नाही, पूर्ण कोरडं झाल्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यायचा, म्हणजे लाळ त्वचेला लागत नाही. लाली पसरली, पाणी सुटलं किंवा वास आला तर परत दाखवायचं. त्याने बरं वाटलं. मग मुलाने ब्लेडने एका लाळेऱ्याची गोट उसवली आणि मी काठाला पातळ सुती पट्टी शिवली. ते लाळेरं घातलं की मान कोरडी राहते. जे घरी सुई-दोऱ्याने जमलं ते कंपनीला कारखान्यात जमू नये?

टिचबटणं प्लॅस्टिकची आहेत, गंजत नाहीत, मानेला टोचत नाहीत. याच्या आधी वेल्क्रोचं वापरलं होतं, ते मागच्या जावळात अडकायचं आणि धुताना सगळ्या झबल्यांना ओरबाडायचं. बटणं जोर लावून ओढली की पटकन सुटतात, हा गुण आहे. नाडीचं लाळेरं मात्र घेऊच नका. सिलिकॉनचं, पुढे खिसा असलेलं लाळेरं भरवताना उत्तम, लाळेसाठी कुचकामी. सिलिकॉन काही शोषत नाही, ओघळ आतल्या बाजूने गळ्यातून छातीवर.

झोपताना कुठलंही लाळेरं काढायचं. गळ्यात काहीही बांधलेलं असताना बाळाला झोपवू नये, कापड तोंडावर येऊ शकतं, गळ्याला आवळू शकतं. पाकिटावर ही सूचना आहे, पण घडीच्या आत आणि मुंगीएवढ्या अक्षरात. झोपेत लाळ तशीही फार कमी बनते. गिळणंही मंदावतं म्हणून चादरीवर डाग पडतो, तो धुऊन निघतो.

संचासोबत दात येताना घालायची मण्यांची माळ ‘मोफत भेट’ आली होती. ती मी त्याच दिवशी केरात टाकली. माळ गळ्याला आवळली जाऊ शकते, मणी सुटून घशात जाऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रक संस्थेने, २०१८ मध्ये अशा माळांविरुद्ध इशारा दिला होता, आणि त्याच वर्षी बेन्झोकेन हे बधिर करणारं औषध असलेली हिरड्यांना लावायची जेलं दोन वर्षांखालच्या मुलांना वापरू नका असंही सांगितलं होतं, कारण त्याने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. बाळाच्या सुरक्षेच्या गप्पा मारणाऱ्या संचात ही माळ कुणाच्या डोक्यातून आली कोण जाणे. एक तारा इथेच कापला, दुसरा गोटेसाठी.

आता माझा फवारा. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलीन घेते. दुखणं आटोक्यात आहे, तोंड मात्र वाळवंट. पहाटे जीभ टाळूला चिकटलेली असते, ती सोडवताना आवाज होतो. वय झालं की लाळ आटते असं सगळे म्हणतात. वयाने थोडा फरक पडतो, विशेषतः स्वस्थ असतानाच्या प्रवाहात, पण म्हाताऱ्या माणसांच्या कोरड्या तोंडामागे बहुतेकदा औषधं असतात: ॲलर्जीची, मूत्राशयाची, नैराश्याची, काही रक्तदाबाची. एकेकाच्या पिशवीत यांतली तीनतीन निघतात. काहींना स्योग्रेनचा आजार असतो, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळ आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. डोक्या-मानेला किरणोपचार झालेल्यांच्या ग्रंथीही इजा पावतात.

दंतवैद्यांनी मोजणी केली. पद्धत अशी: काही वेळ आधीपासून खायचं-प्यायचं नाही, मान खाली घालून बसायचं, गिळायचं नाही, तोंडातून आपसूक उतरेल ते नळीत पडू द्यायचं. मिनिटाला ०.१ मिलीपेक्षा कमी भरलं तर लाळ कमी समजतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आता स्वतःची नळी हातात धरून बसले. पाच मिनिटं संपली तरी नळीच्या बुडाशी फेसाचा नुसता टिकला. समोर नात असती तर तिने तेवढ्यात टाइल ओली केली असती. एक गोष्ट तिथे कळली ती अशी की प्रवाह आपल्या नेहमीच्या निम्म्यावर आला की कोरडेपणा जाणवायला लागतो. म्हणून ज्याची मुळातच भरपूर होती तो आकड्यात ठीक असूनही तक्रार करतो, आणि त्याची तक्रार खरी असते.

फवाऱ्यात कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, झायलिटॉल हा गोडवा देणारा पदार्थ, काही क्षार आणि पुदिन्याचा वास. सेल्युलोजने बुळबुळीतपणा येतो, जीभ फिरते, शब्द स्पष्ट उमटतात. फोनवर बोलायच्या आधी मारला की काम होतं. रात्री मारला तर झोप लागेपर्यंत साथ देतो, पहाटेपर्यंत टिकत नाही. पुदिना इतका कडक आहे की कोरड्या तोंडात झोंबतो. ज्याच्या तोंडात लाळ आहे अशा कुणीतरी चव घेऊन हा पास केला असावा. तोटीचं तर विचारूच नका. द्रव तिथे वाळून पापडी धरते आणि रात्री अंधारात दाबलं की फवारा तोंडात जायच्या ऐवजी डोळ्यावर. कोमट पाण्यात तोटी बुडवून ठेवायची, मग चालते.

खोक्यावर ‘नैसर्गिक लाळेसारखं’ लिहिलंय. लाळ ९९ टक्के पाणी असते हे खरं, पण सगळी करामत उरलेल्या एका टक्क्यात. त्यात आम्ल शमवणारं बायकार्बोनेट आहे, जे प्रवाह वाढला की वाढतं. दातांच्या आवरणाची झीज भरून काढणारं कॅल्शियम आणि फॉस्फेट आहे, पिष्ट पदार्थ फोडणारं अमायलेज आहे, जंतूंना अडवणारी प्रतिपिंडं आहेत. (नवजात बाळाच्या लाळेत अमायलेज अगदी थोडं असतं, पहिल्या वर्षात ते वाढत जातं.) फवारा तोंड ओलं करतो, दात सांभाळत नाही. माझे हिरड्यांलगतचे दात किडायला लागले तेव्हा फ्लोराइडची जास्त ताकदीची पेस्ट सुरू करावी लागली. फवारा घेताना घटकांत सायट्रिक आम्ल आहे का ते बघा. आंबट फवाऱ्याने लाळ सुटते खरी, पण ५.५ च्या आसपास सामू (आम्लता दाखवणारा pH चा आकडा) उतरला की दातांचं आवरण विरघळायला लागतं, आणि सावरायला लाळच नसेल तर ते महागात पडतं. माझ्या फवाऱ्यात ते नाही, म्हणून अर्धा तारा वाढवला.

दिवसा मला फवाऱ्यापेक्षा बिनसाखरेच्या च्युइंगमचा जास्त उपयोग झाला. माझ्या ग्रंथी मेलेल्या नाहीत, औषधाने गप्प बसवल्यात, चावलं की कानाजवळच्या थोड्या बोलतात. ज्यांच्या ग्रंथीच निकामी झाल्यात त्यांना मात्र फवारा, जेल आणि पाण्याचे घोटच. औषध आपल्या मनाने बंद करू नका; माझा डोस डॉक्टरांनीच थोडा खाली आणलाय.

लाळेरी घेणाऱ्यांसाठी शेवटचं. बहुतेक मुलांची लाळ दीड-दोन वर्षांपर्यंत आवरते. चार वर्षांनंतरही जागेपणी सतत गळत असेल तर दाखवून घ्या. आणि एरवी नीट गिळणाऱ्या मुलाची लाळ अचानक गळायला लागली, सोबत ताप, गिळता येत नाही, श्वासाला त्रास असं दिसलं, तर वाट न बघता थेट रुग्णालयात न्या. मोठ्या मापाचा संच कंपनी सवलतीत गळ्यात मारते, तो घेऊ नका. दुसऱ्या टिचबटणाच्या मापापर्यंत मूल पोचतं तोवर ते लाळेरं स्वतः ओढून काढून फेकायला शिकलेलं असतं.